लिंकिन पार्क: गळा बदलला की बाज?

सातरस्ता
२४ नोव्हेंबर २०२४, रात्री ११:४२

काल विधानसभेचे निकाल लागले आणि आमच्या गल्लीतून गुलाल दोनदा गेला. डीजेच्या भिंती अशा लावलेल्या की फडताळातली पातेली आपोआप वाजत होती. दारं-खिडक्या लावल्या, कानात हेडफोन कोंबले आणि लिंकिन पार्कचा नवा अल्बम लावून बसलो. 'फ्रॉम झीरो'. १५ तारखेला आलाय, तेव्हापासून दहा-बारा वेळा तरी ऐकला असेल. मामला सगळा ३२ मिनिटांचा, बायकोच्या भाकरी होईपर्यंत एक फेरी होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियातला रॉक बँड. २००० च्या ऑक्टोबरमध्ये 'हायब्रिड थिअरी', २००३ च्या मार्चमध्ये 'मिटिओरा'. माइक शिनोडा रॅप करायचा आणि चेस्टर बेनिंग्टन गायचा, गाता गाता असा किंचाळायचा की ऐकणाऱ्याचा घसा दुखावा. आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचचं हे राष्ट्रगीत. २० जुलै २०१७ ला चेस्टर गेला आणि बँड सात वर्षं गप्प झाला. यंदा सप्टेंबरात एकदम उठून उभा राहिला तो एमिली आर्मस्ट्राँग या गायिकेला घेऊन. ती आधी 'डेड सारा' नावाच्या बँडमध्ये होती. ड्रमवरचा रॉब बोर्डन परत आला नाही, त्याच्या जागी कॉलिन ब्रिटन आहे.

आता माझा प्रश्न. २०१७ च्या मे महिन्यात 'वन मोअर लाइट' आला तेव्हा गळा चेस्टरचाच होता, पण गाणी पार पॉप. आता जुना बाज परत आणलाय: माइकचं रॅप, जो हानचं रेकॉर्ड घासणं, ब्रॅड डेल्सनची जाडजूड गिटार. पण गळा एमिलीचा. यातला लिंकिन पार्क कुठला?

मला स्वतःला 'फ्रॉम झीरो' आवडला. आणि आवडला म्हणून कसंतरीच होतंय. बोला.


गड्ड्यातला_पाळणा
२५ नोव्हेंबर २०२४, सकाळी ७:१०

रुमाल टाकून ठेवतो. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये खिडकी मिळालीय, पुण्यापर्यंत अल्बम सात वेळा होईल.


ढोलबडवा
२५ नोव्हेंबर २०२४, दुपारी १:२५

मूळचा सोलापूरच्या दमाणी नगरचा, सध्या पुण्यात. शनिवार-रविवार एका बँडमध्ये ड्रम वाजवतो, त्यामुळे जरा खोलात जातो, झोप आली तर पुढे सरका.

'वन मोअर लाइट'मध्ये गिटार नाही असं लोक म्हणतात ते खरं नाही. 'शार्प एजेस' अख्खं गिटारवर आहे. पण 'हेवी'सारख्या गाण्यात ती इतकी चाळून, धुऊन, वाळवून घेतलीय की गिटार म्हणून ओळखूच येत नाही. शीर्षकगीतात तालवाद्य जवळजवळ नाहीच. यामागे कारण आहे. आधीच्या अल्बमांत हे लोक संगीताचा सांगाडा आधी उभा करायचे आणि शब्द नंतर बसवायचे. यावेळी उलटं केलं, शब्द आणि चाल आधी. 'हेवी' लिहायला जूलिया मायकल्स आणि जस्टिन ट्रँटर ही बाहेरची, पॉप गाणी लिहिणारी जोडी बसवली. पाया बदलला की भिंती बदलणारच.

नव्यामध्ये 'टू फेस्ड' लावा. हानचं घासणं, ब्रॅडची रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा), सगळं २००० सालातून उचलून आणलंय. ड्रम मात्र वेगळे. रॉब बोर्डन फार कमी वाजवायचा. हातचं राखून, हिप-हॉपसारखं, ठोका जिथल्या तिथे. ब्रिटनचा हात मोकळा आहे. मला रॉबची आठवण येते, पण ड्रमरचं दुःख ड्रमरलाच, जाऊ दे.

माझं मत: बँड म्हणजे बाज. गळा हे एक वाद्य.


शेंगाचटणी
२५ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:०५

मी धाग्यात सगळ्यात लहान दिसतेय (वय २०, जुळे सोलापूर). मी उलट्या बाजूने आले. माझा भाऊ गेम खेळतो, त्या गेमच्या यंदाच्या जागतिक स्पर्धेचं गाणं होतं 'हेवी इज द क्राउन'. ते ऐकून मला वाटलं ही बाई कोण आहे बाबा! मग कळलं की बँड जुना आहे आणि आधी दुसरा गायक होता.

त्यामुळे सातरस्ता दादा, मला तुमचा प्रश्नच नीट कळला नाही. माझ्यासाठी एमिली हाच लिंकिन पार्कचा आवाज आहे. चेस्टरचं 'नंब' सोडून मी काहीच ऐकलेलं नाही. तेही मामाच्या मोबाइलची रिंगटोन म्हणून.


गड्ड्यातला_पाळणा
२५ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:११

मामाच्या मोबाइलची रिंगटोन. संपलो आपण.


सातरस्ता
२६ नोव्हेंबर २०२४, रात्री १२:३०

@शेंगाचटणी, कालपासून तुझं 'उलट्या बाजूने' डोक्यात घोळतंय. कारण सरळ बाजूने सोलापुरात कोण आलं होतं?

आमच्या वेळी नवी पेठेत कॅसेटचं एक दुकान होतं. इंग्रजी कॅसेटी खालच्या फळीवर, धूळ खात. तिथे मेटॅलिका या मेटल बँडचा 'लोड' होता, तोच मी पहिल्यांदा घेतला. पुढे पुण्याचे मित्र भेटले, ते 'लोड'चं नाव काढलं की थुंकायचे. १९९६ साली यांनी केस कापले, थ्रॅश (म्हणजे सुसाट, कर्कश मेटल) सोडलं, 'मामा सेड'सारखं कंट्री गाणं केलं, धर्म बुडवला! मी बावळटासारखा बघत राहायचो. माझ्यासाठी मेटॅलिका म्हणजे 'लोड'च होता. १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' मी त्यानंतर दोन वर्षांनी ऐकला आणि मला वाटलं, ही काय घाई लावलीय यांनी?

लिंकिन पार्कचं तेच. 'हायब्रिड थिअरी' मी अल्बम म्हणून कधी ऐकलाच नाही. स्टेशनच्या बाहेर एमपीथ्रीची सीडी मिळायची, एका सीडीत दीडशे गाणी. त्यात लिंकिन पार्कची सहा, मधे कुणाची तरी पंजाबी दोन, मग परत लिंकिन पार्क. क्रम वर्णमालेचा. सायबर कॅफेत उतरवलेल्या गाण्यांवर नाव एकाचं आणि आत गाणं दुसऱ्याचंच. हे सगळं वाजायचं हॉस्टेलवर जोडून घेतलेल्या वूफरवर, खर्जाचं बटण पार शेवटपर्यंत पिळून. आमच्या मते हाच 'ओरिजिनल साउंड'.

दोन वर्षांपूर्वी बरे हेडफोन घेतले आणि 'हायब्रिड थिअरी' पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. किती बारीक बारीक यंत्रांचे आवाज आहेत त्यात! पियानो, कापून जोडलेले तुकडे, मागे कुजबुज. अर्धा अल्बम तर कॉम्प्युटरचाच. वूफरने ते कधी ऐकूच दिलं नव्हतं. जो बाज हरवला म्हणून मी २०१७ साली छाती पिटली, त्यातला निम्मा आमच्या वूफरचा होता.


ढोलबडवा
२६ नोव्हेंबर २०२४, सकाळी १०:१५

वूफरचा मुद्दा मान्य. भर घालतो: त्या एमपीथ्री बहुतेक १२८ केबीपीएसच्या. १६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं छाटलेलं, झांजा वाजल्या की शेंगा परतल्यासारखा आवाज. शिवाय त्या काळात मास्टरिंगमध्येच, म्हणजे अल्बमवर शेवटचा हात फिरवतानाच, आवाज दाबून दाबून मोठा करायची शर्यत लागलेली.

पण म्हणून 'वन मोअर लाइट' बदललाच नव्हता असं म्हणू नकोस. बदललाच होता. हेडफोन कितीही महाग घे.


मयूरपंख
२६ नोव्हेंबर २०२४, रात्री १०:५०

काय बे, एवढा धागा रंगला आणि सोलापूरच्या पूर्व भागाला, विणकरांच्या वस्तीला, कुणी बोलावलं नाही?

मी मागाच्या आवाजात वाढलो. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि दोन्हीच्या वर खटक-खटक-खटक. यंत्रमाग बंद पडला की आम्ही पोरं झोपेतून जागी व्हायचो, चालू असताना नाही. मेटॅलिकाच्या 'सेंट अँगर'मधला तो पत्र्याच्या डब्यासारखा स्नेअर ड्रम अख्ख्या जगाला टोचला, मला नाही टोचला. आमचा माग तसाच वाजायचा.

आता मुद्दा. चादरीत दोन धागे असतात, ताणा आणि बाणा. ताणा मागावर आधीच ताणून बसवलेला, उभा. बाणा आडवा, धोट्यातून येतो-जातो. रंग बदलायचा तर बाणा बदलायला वेळ लागत नाही, कांडी बदलली की झालं. नक्षी बदलायची तर वरची जॅकार्डची भोकांची कार्डं बदलायची. पण ताणा बदलायचा म्हणजे माग थांबवायचा, हजारो धागे एकेक करून परत ओवायचे नाहीतर गाठायचे. दिवस मोडतो.

माझ्या मते चेस्टर ताणा होता. म्हणून तर सात वर्षं माग बंद होता. 'वन मोअर लाइट'मध्ये नुसती कार्डं बदलली होती बे, त्याला एवढं काय रडायचं?

आणि अजून एक. वडील नवीन नक्षी काढायचे तेव्हा व्यापारी म्हणायचा, "नको, मयूरपंखच द्या, गिऱ्हाईक तेच मागतंय." तेच दिलं की वर्षभराने तोच म्हणायचा, "तुमच्याकडे नवीन काहीच नसतंय."


गड्ड्यातला_पाळणा
२६ नोव्हेंबर २०२४, रात्री ११:०२

या संस्थळावर सोलापूरचा एकही धागा चादरीशिवाय संपलाय का? मागच्या आठवड्यात मूळव्याधीच्या धाग्यावरही चादर आली होती.

(उदाहरण मात्र झकास. वाखूसा, म्हणजे वाचनखूण साठवली.)


ढोलबडवा
२७ नोव्हेंबर २०२४, सकाळी ९:४०

मयूरपंखच्या व्यापाऱ्याला अनुमोदन, म्हणजे व्यापाऱ्याच्या विरोधात अनुमोदन. २०१४ साली याच बँडने 'द हंटिंग पार्टी' काढला. कर्कश, वेगवान, गिटारच गिटार. टॉम मोरेलो, डॅरन मलाकियान असले गिटारवाले पाहुणे. लोकांनी "जुना बाज आणा" म्हणून गळा काढला होता, यांनी आणला. या धाग्यावर किती जणांनी तो पूर्ण ऐकलाय? हात वर करा.


गड्ड्यातला_पाळणा
२७ नोव्हेंबर २०२४, सकाळी ९:५८

हात खिशात आहेत. थंडी आहे.


वैजूमावशी
२७ नोव्हेंबर २०२४, दुपारी ४:२०

मला तुमच्यातलं रॉक काही कळत नाही, पण मुलगा शिकायला होता तेव्हा त्याच्या खोलीतून हे ओरडणं यायचं, तेवढी ओळख आहे. धागा मात्र पहिल्यापासून वाचतेय.

बाज का बदलतो यावर एक सांगते. यंदा कुमार गंधर्वांची जन्मशताब्दी. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करायचे, लोक तोंडात बोट घालायचे. मग क्षयाने गाठलं. हवापालट म्हणून १९४८ च्या सुमारास देवासला गेले. कित्येक वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर पडायची, ती टिपून ठेवली. बरे होऊन परत गायला लागले तेव्हा फुप्फुसात पूर्वीचा दम नव्हता. लांबलचक ताना गेल्या आणि छोट्या, टोकदार जागा आल्या. आमच्या घरी माझे वडील म्हणायचे, "हे गाणं तुटक झालं." आणि माझा काका त्याच तुटकपणावर जीव टाकायचा. जेवताना भांडणं व्हायची. मी दोघांना वाढायची.

गळ्याला जे झेपतं त्यातून बाज तयार होतो असं माझं मत. तुमच्या त्या नव्या मुलीला वेगळं झेपत असेल तर ते तिने वेगळंच गावं.


ढोलबडवा
२७ नोव्हेंबर २०२४, रात्री ८:३५

मावशी, दंडवत. आमच्याकडचं उदाहरण देतो. मेटॅलिकाचा जेम्स हेटफिल्ड १९९१ च्या काळ्या अल्बमच्या वेळी एक गाणं ओरडून गाताना गळा बसवून बसला. त्यानंतर रीतसर शिकवणी लावली आणि तेव्हापासून तो ओरडायचा कमी, गायला जास्त लागला. लोक म्हणाले, पैशासाठी मऊ झाला.

पण 'वन मोअर लाइट'चं तसं नव्हतं. तो त्यांनी ठरवून केलेला बदल होता. आणि ठरवून केलेल्यालाच शिव्या बसतात. सातरस्ता, तू या धाग्यात एक गोष्ट लिहिलेली नाहीस. मी लिहू का?


सातरस्ता
२७ नोव्हेंबर २०२४, रात्री ११:५५

नको, मीच लिहितो.

२० की २१ मे २०१७. 'वन मोअर लाइट' येऊन दोन दिवस झाले होते. मी याच संस्थळावर धागा काढला होता, शीर्षक 'लिंकिन पार्कचं तेरावं'. जेवणाचा मेनू वगैरे लिहिला होता. चेस्टरला 'आता लग्नात गा' असंही लिहिलं होतं. नव्वदच्या वर प्रतिसाद आले. ढोलबडव्या, त्यात तुझेही आठ-दहा होते, पण ते असो, धागा माझा होता.

अल्बम मी पूर्ण ऐकला नव्हता. 'हेवी' आणि आणखी दीड गाणं. तेवढ्यावर तेरावं घातलं.

आमच्यासारखे जगभर होते. चेस्टर मुलाखतींत चिडलेला दिसायचा, आम्ही पैशासाठी बदललो म्हणता काय, म्हणून. अल्बम यायच्या आदल्या दिवशी, १८ मेला, त्याचा गायक मित्र ख्रिस कॉर्नेल गेला होता. त्याच दिवशी अमेरिकेतल्या टीव्हीच्या एका कार्यक्रमात यांनी ठरलेलं 'हेवी' बाजूला ठेवून 'वन मोअर लाइट' गायलं, त्याच्यासाठी. ते गाणं मुळात लिहिलेलं रेकॉर्ड कंपनीतल्या त्यांच्या एका मैत्रिणीवर, ती कर्करोगाने गेली होती. मला तेव्हा यातलं काहीही माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

कॉर्नेलचा वाढदिवस २० जुलैचा. त्याच दिवशी चेस्टर गेला. आपल्याकडे रात्र होती, मी सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये वरच्या बर्थवर होतो आणि कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी टाकली. कुर्डूवाडीपर्यंत रेंज येत-जात होती. रेंज आली की मी एकच गोष्ट करत होतो, संपादकांना निरोप पाठवत होतो की तो धागा उडवा. पहाटे उडाला.

माझ्या धाग्याचा आणि त्या बातमीचा काही संबंध नाही, हे मला कळतं. सोलापुरातल्या एका मराठी टपरीवरचा टवाळ धागा त्याच्यापर्यंत कुठला जातोय. पण त्यानंतर तो अल्बम मी लावलाच नाही. सात वर्षं. 'फ्रॉम झीरो' आवडला म्हणून कसंतरी होतंय असं सुरुवातीला लिहिलं ना, ते यामुळे. नवा गळा मी एका आठवड्यात घरात घेतला आणि जुन्या गळ्याला नव्या बाजासाठी दोन दिवसही दिले नव्हते.


मयूरपंख
२८ नोव्हेंबर २०२४, सकाळी ६:३०

माझाही प्रतिसाद होता त्या धाग्यात. जेवणात शेंगाची पोळी ठेवा असं लिहिलेलं.


ढोलबडवा
२८ नोव्हेंबर २०२४, सकाळी ११:००

माझे अकरा होते. मोजले होते.


अप्पा_होटगीरोड
२९ नोव्हेंबर २०२४, सकाळी ६:०५

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, गीता मंडळात जातो. आपली चर्चा नातवाने दाखवली. या वाद्यवृंदाची एक तबकडी 'अ थाउजंड सन्स' नावाची आहे असं तो म्हणाला. 'हजार सूर्य' हे गीतेतलं वाटतं. जाणकारांनी सांगावं.


ढोलबडवा
२९ नोव्हेंबर २०२४, सकाळी १०:२०

अप्पा, बरोबर ओळखलंत. २०१० चा अल्बम. खरं तर या बँडचा सगळ्यात मोठा बदल तोच होता, 'वन मोअर लाइट' त्यापुढे काहीच नाही. गिटार मागे ढकलली, एका गाण्यातून दुसरं गाणं उगवतं, मधे भाषणांचे तुकडे. त्यात अणुबाँबवाल्या ओपेनहायमरचा आवाज आहे, ज्यात तो गीतेतलं वाक्य सांगतो, "आता मी मृत्यू झालो आहे, जगांचा संहारक." मार्टिन ल्युथर किंगचाही आवाज आहे.


अप्पा_होटगीरोड
२९ नोव्हेंबर २०२४, दुपारी १२:४५

धन्यवाद. म्हणजे नाव अकराव्या अध्यायाच्या बाराव्या श्लोकातलं, "दिवि सूर्यसहस्रस्य भवेद्युगपदुत्थिता". आकाशात हजार सूर्य एकदम उगवले तर त्या तेजाची बरोबरी कदाचित होईल. आणि त्या शास्त्रज्ञाचं वाक्य बत्तिसाव्यातलं, "कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धो". मुळात 'काल' आहे, त्यांनी 'मृत्यू' केलं. काल म्हणजे नुसता मृत्यू नव्हे, सगळं पालटून टाकणारा. भाषांतरात थोडं निसटलं.

नातवाने ती तबकडी लावली. पहिली दहा मिनिटं डोळे मिटून ऐकली. नंतर ढोल-ताशासारखं काही सुरू झालं तेव्हा उठलो. पण विश्वरूप पाहून अर्जुनही घाबरलाच होता.


गड्ड्यातला_पाळणा
२९ नोव्हेंबर २०२४, दुपारी १२:५०

अप्पा, आजपासून तुम्हीच या धाग्याचे मालक.


हलगीवाला
३० नोव्हेंबर २०२४, रात्री १०:१५

आवाज बदलतो त्यावर आमचंबी ऐका. पूर्वी हलगी चामड्याची. वाजवायच्या आधी जाळावर शेकायची, पान ताणलं की आवाज कडक. पावसात पान ढिलं पडतंय, मिरवणूक थांबवून परत शेका. आता फायबरचं पान, शेकायला नको, पावसाला भीत नाही. आवाज मोठा हाय, पण तो जाळावरचा ताव नाही. पोरं म्हणतात हाच खरा आवाज. लेझीमवाल्यांचा पाय दोन्हीवर पडतोय, त्यांना इचारा.


शेंगाचटणी
१ डिसेंबर २०२४, संध्याकाळी ७:३०

मला आता सगळं ऐकायचंय. कुठून सुरुवात करू? क्रम सांगा.


ढोलबडवा
१ डिसेंबर २०२४, संध्याकाळी ७:४४

हायब्रिड थिअरी, मिटिओरा, मिनिट्स टु मिडनाइट, अ थाउजंड सन्स, लिव्हिंग थिंग्ज, हंटिंग पार्टी, वन मोअर लाइट. सालाप्रमाणे. इकडेतिकडे उड्या मारायच्या नाहीत.


सातरस्ता
१ डिसेंबर २०२४, रात्री ९:२०

त्याचं ऐकू नकोस. तू शेवटून आलीयस ना, तशीच मागे मागे जा. आधी 'वन मोअर लाइट', सगळ्यात शेवटी 'हायब्रिड थिअरी'. तुला ज्या क्रमाने दिसेल तो आम्हाला कुणालाच कधी दिसला नाही. आम्हालाही कळू दे काय दिसतं ते.

मीही लावतो. तुझ्याबरोबर.


सातरस्ता
८ डिसेंबर २०२४, रात्री १:१०

लावला. आज संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेला बसून, पूर्ण, ३५ मिनिटं.

सगळा आवडला असं खोटं लिहीत नाही. 'बॅटल सिम्फनी' मला आजही टूथपेस्टची जाहिरात वाटते. 'गुड गुडबाय'मधले पाहुणे नसते तरी चाललं असतं. पण 'सॉरी फॉर नाऊ' मला माहीतच नव्हतं. त्यात माइक गातो आणि रॅपसारखं येतं ते चेस्टरच्या तोंडून. दोघांनी कामं अदलाबदल करून घेतलीयत. गंमत म्हणून केल्यासारखं. मी तेव्हा तेराव्याच्या पंक्ती वाढत होतो आणि हे दोघं आत मजा करत होते.

शीर्षकगीत एकदाच ऐकलं. परत लावलं नाही. मंदिरातली घंटा वाजली, तेवढ्यात उठलो.

आणि ढोलबडव्या, तुझं खरं. हेडफोन कितीही महाग घेतले तरी तो बदललेलाच आहे. तसाच बरा आहे.


मयूरपंख
८ डिसेंबर २०२४, सकाळी ६:४०

टूथपेस्टला अनुमोदन बे.


शेंगाचटणी
१५ जानेवारी २०२५, रात्री ११:२५

उशीर झाला, परीक्षा होती, मग नंदीध्वजांची मिरवणूक, मग पाहुणे. आत्ता गड्ड्याच्या जत्रेवरून आलेय, कान अजून गरगरतायत. पण यादी पूर्ण! मागून पुढे, सातच्या सात.

मला 'वन मोअर लाइट' अजिबात धक्कादायक वाटला नाही, साधा चांगला अल्बम आहे, तुम्ही एवढे का भांडलात? 'अ थाउजंड सन्स' सगळ्यात भारी. अप्पांना सांगा, मी श्लोक पाठ केला. 'हंटिंग पार्टी' पूर्ण ऐकणारी या धाग्यावर बहुधा मी एकटीच. 'गिव्हन अप'मधली ती १७ सेकंदांची किंकाळी घरात स्पीकरवर लागली आणि आजी देवघरातून बाहेर आली.

'हायब्रिड थिअरी' काल रात्री ऐकला. खूप आवडला. एकच सांगते, रागावू नका. चेस्टर किती एमिलीसारखा ओरडतो ना?


गड्ड्यातला_पाळणा
१५ जानेवारी २०२५, रात्री ११:२७

कुणीतरी ढोलबडव्याला पाणी द्या.


ढोलबडवा
१५ जानेवारी २०२५, रात्री ११:४०

मी जरा गच्चीवर जाऊन येतो.


सातरस्ता
१६ जानेवारी २०२५, रात्री १२:०५

बायको विचारतेय एकटाच का हसतोयस. तिला सांगायचं म्हणजे अगदी पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल.

शेंगाचटणी, हो. अगदी तिच्यासारखाच ओरडतो.